लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘प्रोटीन १+’ आलंय, म्हणजे किडनी खराब झाली का?

या एका ओळीवरून तसं म्हणता येत नाही. मी आधी त्याच रिपोर्टमधली स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवी किती घट्ट आहे त्याचा आकडा, बघेन. हे १+ लघवीत बुडवायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीवरून येतं. पट्टीला दिवसभरात किती प्रोटीन गेलं ते कळत नाही, फक्त त्या नमुन्यात ते किती दाट आहे एवढंच कळतं. ग्रॅव्हिटी १.०३० असेल तर लघवीच घट्ट आहे, मग १+ला फारसं वजन नाही. १.००५ इतक्या पातळ लघवीत १+ आलं तर मात्र दुर्लक्ष नको. ताप, दमवणारा व्यायाम, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग किंवा मासिक पाळी असतानाही प्रोटीन दिसतं. तेव्हा हे सगळं ओसरल्यावर तपासणी पुन्हा करा.

पुन्हा करताना लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (एसीआर) करा. अल्ब्युमिन हे एक प्रोटीन, तर क्रिएटिनिन हा लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. क्रिएटिनिनने भागल्यामुळे पातळ-घट्टचा घोळ उरत नाही. सकाळची पहिली लघवी घ्या, सुरुवातीची धार सोडून मधली. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० वाढलेलं, त्यावर बरंच जास्त. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं, तरच ते टिकून आहे असं धरतात. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी नुसत्या पट्टीवर विसंबूच नये, कारण ३० ते ३०० मधलं अल्ब्युमिन पट्टीतून सहज निसटतं.

प्रोटीनच्या जोडीला लाल पेशी असतील तर गोष्ट वेगळी. मायक्रोस्कोपखाली त्या वेड्यावाकड्या दिसल्या किंवा ‘आरबीसी कास्ट’ (किडनीच्या नळ्यांत लाल पेशींचे बनलेले नळीसारखे साचे) लिहिलं असेल, तर किडनीच्या गाळण्यांनाच सूज असण्याची दाट शक्यता. इथे तीन महिने थांबायचं नाही, लगेच नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीतज्ज्ञाकडे) जायचं. कास्ट लवकर विरघळतात, म्हणून नमुना तासा-दोन तासांत तपासला गेला पाहिजे. घरून भरून नेलेल्या बाटलीत ते बऱ्याचदा सापडत नाहीत. पट्टीवर ‘ब्लड ३+’ पण लाल पेशी जवळपास शून्य असं आलं, तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रोटीन लघवीत उतरत असू शकतं. तेही तातडीचंच.

पस सेल्सना (पांढऱ्या पेशींना) लोक उगाच जास्त घाबरतात. त्या बहुधा जंतुसंसर्गाच्या असतात, आणि सोबत एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या, अस्तराच्या पेशी) भरपूर असतील तर बहुधा नमुनाच नीट घेतलेला नाही.

रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज) सोबत बघाच. लघवी अगदी स्वच्छ असूनही ईजीएफआर ६०च्या खाली असू शकतो.