परदेशातल्या चिनी कुटुंबांत आईवडील गेल्यावर मुलांना एवढा अपराधीपणा का वाटतो?

‘संस्कार’ म्हणून विषय संपत नाही. कन्फ्यूशियसची जुनी शिकवण आहे: आईवडील हयात असताना लांब जाऊ नये, गेलंच तर ठावठिकाणा पक्का असावा. म्हणजे परदेशी पाऊल टाकलं तिथेच कर्तव्य चुकलं. पैसे पाठवून ते भरून काढायचं, पण भरतं कुठलं! मृत्यूनंतर एप्रिलमध्ये छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या सणाला, कबर झाडायची, नैवेद्य ठेवायचा, पितरांसाठी खोट्या कागदी नोटा जाळायच्या. कबर समुद्रापार असेल तर जायचं कसं?

हे ओझं इतकं खरं होतं, की परदेशात मेलेल्यांच्या अस्थी उकरून दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या गावी पाठवल्या जात. १९०२ साली ‘व्हेंटनर’ जहाज न्यूझीलंडहून ४९९ जणांचे अवशेष घेऊन निघालं, बहुतेक सोन्याच्या खाणींत राबलेले, आणि तिथल्याच होकिआंगा किनाऱ्याजवळ बुडालं. किनाऱ्याला लागलेली हाडं तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी सांभाळून पुरली. वंशजांना हे कळलं ते कित्येक दशकांनी.

आजची गाठ वेगळी आहे, आणि मला तीच जास्त अवघड वाटते. अनेक चिनी घरांत गंभीर आजार रुग्णापासून लपवतात. दुःख कुटुंबाने वाहायचं, म्हाताऱ्याने नाही. अमेरिकेत मात्र डॉक्टर सहसा थेट रुग्णालाच सांगतात. मध्ये दुभाषी म्हणून बसलेली मुलगी खरं सांगते तेव्हा घराशी बेइमान ठरते, लपवते तेव्हा स्वतःशी. आई गेल्यावर तिला निरोप न घेतल्याचं शल्य राहतं, आणि ते बोलायचं तरी कुणाजवळ? भावंडांनीच तर गप्प राहायला सांगितलेलं असतं.