वाचक विचारतात : रसायनशास्त्रात ‘फिलॉसॉफी’ कुठून आली?

प्रश्न : पुतणीने जळगावला उमवित (कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) रसायनशास्त्राचा पीएच.डी.चा प्रबंध सादर केला आहे. पुढच्या महिन्यात तिचे लग्न आहे. पत्रिकेत ‘डॉ.’ छापावे का? आणि विषय रसायनशास्त्र असताना पदवीत तत्त्वज्ञान कसे?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : आधी दुसरा प्रश्न. पीएच.डी. हे ‘फिलॉसॉफिए डॉक्टर’ या लॅटिन नावाचे लघुरूप आहे. ‘डॉक्टर’ हा शब्द ‘डोकेरे’ म्हणजे शिकवणे या क्रियापदावरून आला. मुळात डॉक्टर म्हणजे शिकवण्याचा अधिकार मिळालेला माणूस. औषध देणाऱ्याला तो शब्द नंतर चिकटला. ‘फिलॉसॉफी’चा मूळ ग्रीक अर्थ ज्ञानाची ओढ. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन वरिष्ठ शाखा होत्या. उरलेले सारे चौथ्या शाखेत. जर्मनीत तिलाच तत्त्वज्ञान शाखा म्हणू लागले. गणित, इतिहास, रसायनशास्त्र, सगळे तिच्यात. एकोणिसाव्या शतकात संशोधनावर मिळणारी ही पदवी तिथेच रुजली. अमेरिकेत येलने ती 1861 मध्ये पहिल्यांदा दिली, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डने 1917 मध्ये स्वीकारली. तेव्हा तुमच्या पुतणीच्या पदवीतली फिलॉसॉफी ही त्या शाखेची खूण आहे, विषयाचे नाव नव्हे. मराठीतला ‘विद्यावाचस्पती’ हा शब्द म्हणूनच नेमका वाटतो: त्यात विद्या आहे, एखादा विषय नाही.

आता पत्रिका. प्रबंध सादर झाला म्हणजे पदवी मिळाली असे नाही. तो विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो, त्यांचे अनुकूल अहवाल येतात, मग खुली मौखिक परीक्षा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार हे सारे सादरीकरणापासून सहा महिन्यांत उरकायचे असते. पदवी बहाल झाल्याची विद्यापीठाची अधिसूचना निघाली की ‘डॉ.’ लावावे. पदवीदान समारंभाची वाट पाहायला नको, पण अधिसूचनेआधी घाई नको. लग्नापर्यंत ती आली नाही, तर ‘एम.एस्सी.’ छापा, त्यात काहीच कमीपणा नाही.

छापखान्यात प्रूफ मात्र स्वतः तपासा. ‘पी.एच.डी.’ हमखास छापले जाते आणि ते चूक आहे. ‘पीएच’ ही एकाच शब्दाची सुरुवातीची दोन अक्षरे, म्हणून टिंब त्यांच्यानंतर: पीएच.डी. ‘एम.एस.सी.’चेही तेच, ‘एस्सी’ जोडूनच हवे. आणि नावाआधी ‘डॉ.’ असेल, तर नावापुढे पुन्हा ‘पीएच.डी.’ लिहू नये.