लंडनचं ॲप्सली हाउस वेलिंग्टनने बांधलं का?

नाही, ते घर त्याने आयतं विकत घेतलं, तेही सख्ख्या भावाकडून. मूळ बांधकाम 1771 ते 1778 दरम्यानचं, लाल विटांचं. वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम, मालक लॉर्ड ॲप्सली. नाव त्याच्यावरूनच पडलं. 1807 मध्ये रिचर्ड वेलस्लीने ते घेतलं. हा तोच, जो वसईच्या तहाच्या वेळी गव्हर्नर जनरल होता. पुढे तो पैशाच्या अडचणीत आला आणि 1817 मध्ये धाकट्या आर्थरने, म्हणजे असईची लढाई जिंकलेल्या वेलिंग्टनने, घर घेतलं. (दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेली मुलामा चढवलेली चांदीची भांडी आजही तिथे आहेत.)

मात्र आज दिसणारं रूप बरंचसं वेलिंग्टनच्याच काळातलं. बेंजामिन डीन वायट या वास्तुविशारदाकडून त्याने विटांवर इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळचा दगड चढवून घेतला, दर्शनी खांब उभारले आणि वॉटर्लू गॅलरी हे मोठं दालन वाढवलं. त्यामुळे ‘जॉर्जियन घर’, म्हणजे अठराव्या शतकातल्या ब्रिटिश शैलीचं घर, म्हणून बाहेरून बघाल तर ॲडम फारसा सापडणार नाही. त्याचं काम आतल्या काही दालनांत आणि जिन्यापाशी शोधा. 1947 मध्ये वास्तू राष्ट्राला दिली गेली, पण एका भागात वेलिंग्टनचं घराणं अजून राहतं.