अट घालून दिलेल्या पैशाला 'दान' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या मेरी गॅरेट (१८५४–१९१५) यांच्यावरच्या मराठी मजकुरात त्यांना 'दानशूर' आणि 'सफ्रेजेट' (स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी) म्हटलेले चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. 'दानशूर' तर नक्कीच.

दान म्हणजे उदक सोडून देणे. उदक सोडले की देणाऱ्याचा हक्क संपला; 'पाणी सोडणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. दानशूर म्हटले की कर्ण आठवतो. (वनपर्वातला कर्ण कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून शक्ती मागून घेतो, पण लोकांच्या मनातला कर्ण काही मागत नाही.)

गॅरेटबाईंनी मात्र हक्क सोडला नाही, उलट पैशाच्या जोरावर बजावला. वडील बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे अध्यक्ष; त्यांच्या मागे बाईंकडे मोठी संपत्ती आली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा निधी याच रेल्वेच्या शेअर्समध्ये अडकलेला. लाभांश थांबला आणि रुग्णालय १८८९ मध्ये उघडूनही वैद्यकीय महाविद्यालय रखडले. तेव्हा गॅरेट आणि त्यांच्या मैत्रिणींनी वर्गणी जमवून विश्वस्तांपुढे ठेवली, पण मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश मिळाला पाहिजे, या बोलीवर. रक्कम पुरेना, तेव्हा १८९२ च्या अखेरीस बाईंनी स्वतः तीन लाख डॉलरहून अधिक घातले आणि आणखी अटी जोडल्या: विद्यार्थी पदवीधर हवा, त्याला फ्रेंच-जर्मन यायला हवे. इतक्या कडक, की अशा परीक्षेत आपणच विद्यार्थी म्हणून टिकलो नसतो, अशी थट्टा तिथले प्राध्यापक ऑस्लर करत. १८९३ मध्ये महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पहिल्या वर्गात तीन मुली होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या, खास स्त्रियांसाठी काढलेल्या महाविद्यालयातून, हे आठवले की या अटीचे वजन कळते.

अशा व्यवहाराला मराठीत 'सशर्त देणगी' हा सरळ शब्द आहे, आणि देणारी ती 'देणगीदार'. या शब्दाला देवळातल्या पाटीचा वास येतो, कबूल. पण तो खोटे बोलत नाही. 'परोपकारी' फार मऊ पडतो, 'दात्री' पोथीतला वाटतो.

'सफ्रेजेट'चे थोडक्यात. हा शब्द १९०६ मध्ये 'डेली मेल' या वृत्तपत्राने मताधिकार मागणाऱ्या लंडनच्या जहाल स्त्रियांना हिणवण्यासाठी काढला. त्यांनी तो मिरवला, ती गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या बहुतेक कार्यकर्त्या स्वतःला 'सफ्रेजिस्ट' (मताधिकारवादी) म्हणवत. गॅरेट त्यांतल्याच. १९०६ मध्येच बाल्टिमोरला मताधिकार संघटनेचे अधिवेशन भरले, तेव्हा चळवळीच्या वृद्ध नेत्या सुझन अँथनी त्यांच्याच घरी उतरल्या होत्या. पुढे गॅरेट आणि त्यांच्या मैत्रीण केरी टॉमस यांनी चळवळीसाठी पाच वर्षे दरसाल १२,००० डॉलर उभे करण्याची जबाबदारी घेतली. तेव्हा 'स्त्रीमताधिकाराच्या कार्यकर्त्या आणि देणगीदार' असे लिहा.