रविवारी रचा, मंगळवारी भाजा

प्रश्न : ताई, मी म्हापशाची, नोकरी पर्वरीला. रविवारी व्हाइट सॉसचा पास्ता ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजून फ्रीजमध्ये ठेवते. मंगळवारी गरम केला की कोरडा ठाक, वर गिच्च गोळा. मुलं दीडला शाळेतून येतात, घरी सासूबाई एकट्या. त्यांना फार खटपट पडणार नाही असं काही सुचवाल का?

उत्तर : तुमचा पास्ता दोनदा भाजला जातोय, दुसरं काही नाही. रविवारी नुसता रचून ठेवा. भाजायचं काम मंगळवारचं.

पाव किलो पेने घ्या, पण पाकिटावर सुजी किंवा ड्युरम गहू लिहिलेलं बघून. मैद्याचा पास्ता फ्रीजमध्ये लगदा होतो. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला चाळणीत ओता. आत पांढरा ठिपका दिसला पाहिजे. एरवी पास्ता धुऊ नये म्हणतात, इथे मात्र खुशाल गार पाण्याखाली धरा, म्हणजे शिजणं तिथेच थांबेल.

आता सॉस. पाव किलोला आपण अर्धा लिटर दूध घेतो ना, तुम्ही पाऊण लिटर घ्या. तीन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, मंद आचेवर परता, कच्चा वास गेला की दूध थोडं थोडं घाला. पळीवरून ताकाच्या कढीसारखा ओघळला की गॅस बंद. ‘फारच पातळ झालाय’ असं वाटणारच. वाटू दे. दोन दिवसांत पास्ता ते सगळं पिऊन टाकतो. सॉस आणि पास्ता दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करा, फॉइल लावा आणि फ्रीजमध्ये. दोन दिवस बिनधास्त.

भांडं स्टीलचं घ्या. काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओटीजीत गेलं तर तडकतं, आणि सासूबाईंच्या हातून तडकलं तर पुढचा आठवडाभर तेच ऐकायचं. त्यांना एवढंच सांगा : पाऊणला भांडं आत, १८० वर फॉइलसकट पस्तीस मिनिटं, मग फॉइल काढून किसलेलं चीज पसरायचं आणि दहा मिनिटं. क्यूबचं चीज तार धरत नाही. मुलांना तारच हवी असेल तर मोझरेला आणा.

आत काय घालायचं? मका, सिमला मिरची, पनीर. सुंगटं (कोळंबी) नकोत, दुसऱ्यांदा तापली की रबर. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा भावही विचारायची सोय नसते. त्या दिवसांत, घरात चालत असेल तर, मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या जत्रेत, घेतलेली चोरिसांची (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) माळ काढा. चार चोरिसं सोलून, कांद्याबरोबर त्यांच्याच चरबीत परता. तेल नको, मीठ तर अजिबात नको, सॉसमध्येही नको. त्यातलं व्हिनेगर दुधाला फाडू शकतं, म्हणून हे मिश्रण सॉसमध्ये ढवळू नका. पास्त्याच्या दोन थरांमध्ये पसरा.

पावसात लाईट जाते तेव्हा फ्रीजचं दार उघडून बघत बसू नका. चार तासांच्या वर गेली तर तो पास्ता टाकून द्या. सासूबाई ‘वास तर येत नाही’ म्हणाल्या तरी.