तुमचे प्रश्न : ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचा हिशेब

प्रश्न : सप्टेंबर २००३ मध्ये कंपनीत लागलो, ऑगस्ट २०२५ अखेर ५८व्या वर्षी निवृत्त झालो. १५,००० गुणिले २२ भागिले ७० केले तर दरमहा ४,७१४ रुपये येतात. पीएफ ऑफिस बरेच कमी सांगते. असे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सूत्र (पगार × सेवेची वर्षे ÷ ७०) बरोबर आहे, पण पेन्शनसाठी धरायच्या पगाराची १५,०००ची मर्यादा तुम्ही सगळ्याच वर्षांना लावलीत. ती आली १ सप्टेंबर २०१४ला. त्याआधी ६,५०० होती. म्हणून सेवेचे दोन तुकडे पाडतात. पहिली ११ वर्षे : ६,५०० × ११ ÷ ७० = १,०२१. पुढची ११ : १५,००० × ११ ÷ ७० = २,३५७. मिळून साधारण ३,३७९ रुपये. अनेकांना हा अन्याय वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. पण २०१४च्या दुरुस्तीतच तसे लिहिले आहे. शेवटच्या ६० महिन्यांच्या बेसिक-डीएची सरासरी १५,०००च्या खाली असेल तर रक्कम आणखी घटते. तुमची सेवा २० वर्षांवर आहे, तेव्हा २ वर्षांचा बोनसही मिळायला हवा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हाती आला की त्यात बोनस धरलाय का, हे आधी बघा. वाढीव पेन्शनचा (मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावरच्या पेन्शनचा) पर्याय दिला असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही.

प्रश्न : वय ४१, नोकरी ९ वर्षे ७ महिने. एचआर म्हणतात, १०सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घ्या. काढू का?

उत्तर : मिळणारच नाहीत. सहा महिने किंवा जास्त झालेले वर्ष पूर्ण धरतात; म्हणजे तुमची १० वर्षे भरली, आणि १० वर्षांनंतर एकरकमी पैसे नाहीत, पेन्शनच मिळते. आता १०सी भरायचा तो स्कीम सर्टिफिकेटसाठी, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद असलेल्या दाखल्यासाठी. पुढची नोकरी पीएफवाली असेल तर खाते ट्रान्सफर केले की सेवा जोडली जाते. खोच एकच : बिनपगारी दिवस, पोर्टलवरचे ‘एनसीपी डेज’, सेवेतून वजा होतात. तुमच्याकडे जेमतेम महिन्याची सवड आहे. सर्व्हिस हिस्टरीत असे ४०-४५ दिवस निघाले तर पात्रता गेली. तरीही पैसे न काढता सर्टिफिकेटच घ्या. पन्नाशीनंतर नोकरी सोडून लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ला कमी पडणाऱ्या दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, तीही कायमची.

प्रश्न : २०१९ला पहिली नोकरी, बेसिक ४०,०००. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य का?

उत्तर : बरोबर आहे. १ सप्टेंबर २०१४ किंवा नंतर पहिल्यांदा सभासद झालेल्यांचा बेसिक-डीए १५,०००वर असेल तर ईपीएस नाही. कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो. उलट, तिथे दरमहा १,२५० दिसले असते तर नोकरीत असतानाच कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावे लागले असते.