मुलगा स्वतःला मुलगी म्हणवतो. घराने काय करावे?

आपला नऊ वर्षांचा मुलगा बराच काळ ठामपणे स्वतःला मुलगी म्हणवतो, सासूबाई देवळात कौल लावायला सांगतात आणि यजमान शाळा बदलण्याच्या विचारात आहेत, असे आपण लिहिले आहे. आमचे घर देवगड तालुक्यातले असून, जन्मतः मुलगा म्हणून नोंदलेली आमची थोरली आज साऱ्या वाडीत लेक म्हणूनच वावरते, म्हणून हे उत्तर.

सासूबाईंना समाधान वाटत असेल तर गाऱ्हाणे जरूर घालावे, पण ते लेकराला सुखी ठेवण्याचे असावे, बदलण्याचे नव्हे. मूल ‘बरे’ करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात मात्र, तो भगत असो वा डॉक्टर, पाऊल टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांतून वगळला आहे, आणि असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच वर्षी कळवले आहे. वयात येण्याआधी कोणत्याही औषधाची वा शस्त्रक्रियेची गरज नसते. या वयात प्रश्न असतो तो केस, कपडे आणि हाकेच्या नावाचा, आणि यातले काहीही पुढे बदलता येते.

शाळा बदलून काही साधेल असे मला वाटत नाही, कारण खरी अडचण दुसरीकडेही तीच राहते. आमच्या लेकीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येत असे. मुलांच्या मुतारीत जावे लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. बाईंनी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची मुभा दिली आणि बाटली रिकामी येऊ लागली. आपणही आधी हे पाहावे.

गणपतीला चाकरमानी आले की सल्ल्यांना ऊत येतो. ‘दशावतारात घाला, स्त्रीपार्ट छान करील,’ असे आम्हालाही एका काकांनी सुचवले होते. दशावतारातला नट रंग उतरवून पुरुष म्हणूनच घरी जातो, आमचे लेकरू सोंग करत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले. माझ्या आईने तर काहीच न बोलता गौरीच्या रात्री नातीच्या केसांत अबोलीचा वळेसर माळला आणि तिला फुगडीला ओढले. त्यानंतर घरात कोणी विषय काढला नाही.

मुलाला कोणी घेऊन जाईल, ही यजमानांची भीती असेल तर त्यांना ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या (जन्मनोंदीपेक्षा वेगळी लिंगओळख असणाऱ्यांच्या) हक्कांचे संरक्षण करणाऱ्या २०१९ च्या कायद्याचे कलम १२ दाखवावे: सक्षम न्यायालयाने मुलाच्या हितासाठी आदेश दिल्याखेरीज, केवळ ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणाने कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही. दाखल्यावरील नावाची घाई आत्ताच नको; हजेरी घेताना बाईंनी कोणत्या नावाने हाक मारावी, एवढे जूनपूर्वी मुख्याध्यापकांना भेटून ठरवावे, आणि त्या भेटीला यजमानांनी स्वतः जावे.